लांब व जाड लाकडातील तिरपा सांधा

चौकटीच्या कोपऱ्यात येणाऱ्या दोन लाकडांची टोके प्रत्येकी ४५ अंशांत तिरपी कापून एकमेकांस भिडविली, म्हणजे जो सांधा तयार होतो त्यास कारागीर ‘मायटर’ असे म्हणतात. तसबिरीच्या लहानशा चौकटीपासून देवघराच्या नक्षीदार कडेपर्यंत हा सांधा सर्वत्र दृष्टीस पडतो. लाकडाचे कापलेले तोंड त्यात बाहेर दिसत नाही, आणि कडेने काढलेली गोलाई किंवा खाचणी कोपऱ्यावरून अखंड वळून पुढे जाते, हे त्याचे दोन मुख्य गुण होत. दिसावयास हा सांधा जितका सोपा, तितकाच तो साधावयास अवघड आहे. लाकूड लांब आणि जाड असेल, तर ही अवघडता अनेक पटींनी वाढते.

तसबिरीची पट्टी चुकीची कापली गेली तर दुसरी पट्टी घेता येते. परंतु शाळेच्या सभागृहातील मोठ्या फलकाची चौकट, देवळातील दाराभोवती बसवावयाची रुंद कड किंवा सोप्याच्या कठड्यावरचा जाड हात यांसाठी लागणारे लाकूड आज सहजासहजी मिळत नाही व मिळाले तरी स्वस्त नसते. समजा, २४० सें.मी. लांब व १५० सें.मी. उंच अशी एक चौकट १५ सें.मी. रुंद व ७.५ सें.मी. जाड लाकडातून करावयाची आहे. तिला रंधून तयार झालेले सुमारे ३ घनफूट लाकूड लागते. यांपैकी एका लांब तुकड्याचा दुसऱ्या टोकाचा काप चुकला, तर तेवढे टोक कापून टाकून भागत नाही. समोरचा तुकडाही तितकाच आखूड करावा लागतो, आणि मग सारी चौकट तिच्या जागेपेक्षा लहान होऊन बसते. ज्याच्या पदरचे लाकूड त्यात गेले त्या घरमालकाचे नुकसान होतेच, पण गोमंतकात ज्यास ‘मेस्त’ म्हणतात त्या गावच्या सुताराची दोन-चार दिवसांची मजुरी व त्याहून मोलाचा असा त्याचा लौकिकही त्यात जातो. यास्तव या सांध्याचे तंत्र थोडे तपशिलाने समजावून घेणे अगत्याचे आहे.

अर्धा अंश म्हणजे किती?

कोनमापकावर अर्धा अंश नीट दिसतही नाही. पण वरील चौकटीत १५ सें.मी. रुंदीच्या लाकडावर तिरप्या कापाची लांबी २१.२ सें.मी. भरते. दोन्ही तुकडे अर्ध्या-अर्ध्या अंशाने चुकले, तर सांध्यात एक अंशाची फट पडते, आणि एका टोकास तिचे माप ३.७ मि.मी. येते. एवढ्या फटीत नाण्याची कड सहज शिरेल. चौकटीस चार कोपरे व आठ काप असतात. आठही काप एकाच दिशेने अर्ध्या अंशाने चुकले आणि कारागिराने पहिले तीन कोपरे जोर लावून मिटविले, तर उरलेली सर्व चूक, म्हणजे ४ अंश, चौथ्या कोपऱ्यात गोळा होते, आणि तेथे जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट आ वासून उभी राहते. चौथा कोपराच का जुळत नाही, असा प्रश्न नवशिक्या उमेदवारांस नेहमी पडतो. त्याचे उत्तर चौथ्या कोपऱ्यात नसून आठही कापांत वाटले गेलेले असते.

जाडीचा हिशेब आणखी वेगळा आहे. पातळ पट्टीत करवत थोडी कलली तरी बिघडत नाही. ७.५ सें.मी. जाडीत मात्र करवतीचे पाते एका अंशाने कलले, तर वरची रेघ बिनचूक असूनही खालच्या बाजूस १.३ मि.मी. चूक होते. दोन्ही तुकड्यांत ती झाली तर तिची दुप्पट. मग सांधा समोरून मिटलेला व पाठीमागून उघडा असा दिसतो, किंवा याच्या उलट. दुसरा प्रकार अधिक वाईट, हे सांगणे न लगे.

लांबीचा परिणाम मात्र दुहेरी आहे. २४० सें.मी. लांबीच्या सागवानी तुकड्याचे वजन १७-१८ किलो भरते. असा तुकडा यंत्रावर नेऊन ठेवला आणि त्याचे दूरचे टोक कापताना अवघे २ सें.मी. सरकले, तर कोनात जवळजवळ अर्ध्या अंशाचा फरक पडतो. टोक अधांतरी राहून खाली झुकले, तर काप जाडीत कलतो. म्हणून लहान कामात यंत्रापाशी लाकूड न्यावे आणि मोठ्या कामात लाकडापाशी करवत न्यावी, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. लाकूड स्थिर राहते, हलते ती हलकी करवत.

लाकडाची पूर्वतयारी

ओल्या लाकडात हा सांधा करू नये. वाळलेल्या लाकडाचीही प्रथम एक बाजू व एक कड रंध्याने अगदी सपाट व परस्परांशी काटकोनात करून घ्यावी आणि त्यांवर खूण करून ठेवावी. यापुढील प्रत्येक माप याच बाजूवरून व याच कडेवरून घ्यावयाचे असते. लांब लाकडात बहुधा पीळ असतो, आणि तो नुसत्या नजरेस कळत नाही. दोन सरळ, सारख्या उंचीच्या पट्ट्या लाकडाच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे पाहिले, म्हणजे पीळ तत्काळ उघड होतो. पिळलेल्या लाकडावर केलेला काप कितीही बिनचूक असला तरी सांधा बसत नाही.

चारही तुकड्यांची रुंदी व जाडी सारखी असावी. समोरासमोरच्या तुकड्यांची लांबी तर केसभरही कमी-अधिक असता कामा नये. कोन अचूक ४५ अंशांचे असले, पण वरचा तुकडा खालच्यापेक्षा २ मि.मी. आखूड असला, तरी कोपरे उघडतात. मग दोष कोनाचा समजून कारागीर कोन दुरुस्त करू लागतो व होते तेही काम बिघडवितो. हे टाळण्यासाठी जोडीचे दोन तुकडे एकत्र बांधून त्यांवर लांबीच्या खुणा एकदमच कराव्यात. मापपट्टीने दोनदा मोजण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे.

आखणी

बाजारात मिळणारा तिरपा गुण्या खरा असतोच असे नाही. त्याने एक रेघ काढावी, तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी काढावी, आणि दोन रेघांमधील कोन काटकोन गुण्याने तपासावा. तो ९० अंशांचा नसेल, तर जेवढा फरक दिसेल त्याच्या निम्मी चूक त्या गुण्यात आहे असे समजावे. तथापि रुंद लाकडासाठी लहान गुण्याची रेघ पुढे वाढवीत नेणे हेच मुळी धोक्याचे असते.

यापेक्षा जुनी व अधिक विश्वसनीय रीत अशी, की ज्यात अंश मोजावेच लागत नाहीत. एक तुकडा घोड्यांवर आडवा ठेवावा. दुसरा तुकडा त्याच्या टोकावर काटकोनात ठेवावा, आणि त्याचे दूरचे टोक खाली झुकू नये म्हणून तेथे पहिल्या तुकड्याइतक्याच जाडीचा ठोकळा द्यावा. काटकोन तपासण्यासाठी आतल्या कोपऱ्यापासून एका कडेवर ९० सें.मी. व दुसऱ्या कडेवर १२० सें.मी. मोजावे. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर १५० सें.मी. भरले म्हणजे कोन खरा. आता जेथे दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींस ओलांडतात, तेथे आतला एक बिंदू व बाहेरचा एक बिंदू मिळतो. हे दोन्ही बिंदू दोन्ही तुकड्यांवर धारदार सुरीने खुणावून घ्यावेत. वरचा तुकडा उचलल्यावर खालच्या तुकड्याच्या वरच्या अंगावर व वरच्या तुकड्याच्या खालच्या अंगावर या बिंदूंना जोडणारी रेघ ओढावी. कापाची रेघ तीच होय.

या रीतीची खुबी शिक्षकांनी मुलांस जरूर दाखवावी. सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या काटकोनात एकमेकींस ओलांडतात तेथे चौरस तयार होतो, आणि त्याचा कर्ण आपोआपच ४५ अंशांचा असतो. एक पट्टी रुंद व दुसरी अरुंद असेल तर तेथे आयत होतो. त्याचा कर्ण ४५ अंशांचा नसतो, तरीही त्या रेघेवर कापलेले दोन तुकडे तंतोतंत जुळतात. जुन्या मातीच्या किंवा चिऱ्याच्या घरांत भिंतींचे कोपरे क्वचितच खरे काटकोनात सापडतात. तेथे ४५ अंशांचा हट्ट धरून चालत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात प्रत्यक्ष जो कोन असेल त्याच कोनात दोन तुकडे एकमेकांवर ठेवून खुणा घेतल्या, तर सांधा आपसूक त्या कोपऱ्याचा होतो. वर्गातील फळ्यावरचा समांतरभुज चौकोन असा कामास येतो.

कापाची रेघ पेन्सिलीने न काढता सुरीनेच काढावी. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते, आणि ती अर्ध्या मिलिमीटरची असली तरी कारागीर तिच्या कोणत्या बाजूस कापणार हा प्रश्न उरतो. सुरीने तंतू कापले जातात, त्यामुळे पुढे करवतीने कड फाटतही नाही. वरच्या अंगावरील रेघेच्या दोन्ही टोकांपासून काटकोन गुण्याने कडांवर उभ्या रेघा उतरवाव्यात व त्या खालच्या अंगावर पुन्हा तिरप्या रेघेने जोडाव्यात. ही चौथी रेघ मूळ रेघेशी जुळली नाही, तर लाकूड रंधण्यात कोठेतरी उणीव राहिली आहे असे जाणावे व करवत हाती घेऊ नये.

काप

लाकूड कमीत कमी तीन ठिकाणी आधार देऊन, सर्व आधार एका पातळीत आणून, शिकंज्यांनी म्हणजे क्लॅम्पनी घट्ट बांधावे. कापून पडणाऱ्या टोकालाही आधार हवा. तो नसेल तर शेवटच्या क्षणी टोक मोडून पडते व आतल्या कडेचा तुकडा उचकटून नेते.

हातकरवतीने कापताना रेघेपासून एक ते दीड मिलिमीटर बाहेरून, टाकाऊ बाजूने कापावे. रेघेला लागून सरळ रंधलेला एक जाड ठोकळा शिकंज्याने बसविला, तर करवतीचे पाते त्याला टेकून चालते व कलत नाही. एकाच बाजूने शेवटपर्यंत कापीत जाऊ नये. जवळची कड व वरचे अंग यांवर थोडे, मग पलीकडून थोडे, असे आलटून पालटून कापावे, म्हणजे दोन्ही रेघा नजरेसमोर राहतात. बारीक दात व ताठ पाते यांची करवत येथे उपयोगी. मोठ्या दातांची करवत वेळ वाचविते, पण तो वेळ रंध्यावर दुप्पट खर्च होतो.

हातात धरून चालवावयाची विजेची गोल करवत आज बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी आढळते. तिच्या नेहमीच्या आकाराच्या पात्याने सरळ उभा काप साधारण ६० ते ६५ मि.मी. खोलच जातो, म्हणून ७.५ सें.मी. जाडीचे लाकूड एका दमात कापले जात नाही. आधी वरून निम्म्यापेक्षा थोडा अधिक काप घेऊन, लाकूड उलटे करून, खालच्या अंगावरील रेघेने उरलेला काप घ्यावा लागतो. चौथी रेघ का तपासावयाची, हे येथे कळून येते. करवतीची बूड सरळ पट्टीला टेकवून चालवावी. पाते लाकडात अडकले तर यंत्र मागे उसळते. यास्तव कापाच्या रेषेत पाठीमागे उभे राहू नये, सैल बाह्या व उपरणे दूर ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

अवजारांचा खर्च अनेक ग्रामीण सुतारांस परवडत नाही ही वस्तुस्थिती आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत समाविष्ट केलेल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व प्रशिक्षणाची तरतूद तीत करण्यात आली. मात्र या सांध्यासाठी सर्वांत आधी लागतो तो चांगला रंधा व त्यास धार लावण्याचा दगड, आणि हे दोन्ही बहुतेकांच्या घरी असतात.

रंध्याने घ्यावयाचा शेवटचा हात

करवतीने सांधा कापला जातो, पण जुळतो तो रंध्याने. रेघेबाहेर राखलेला मिलिमीटरभर भाग रंध्याने अत्यंत पातळ साली काढून सुरीच्या रेघेपर्यंत आणावयाचा असतो. रंधा आतल्या कडेकडून बाहेरच्या टोकाकडे न्यावा, म्हणजे तो तंतूंच्या दिशेने चालतो. टोक नाजूक असल्यामुळे त्याच्या पाठीमागे टाकाऊ लाकडाचा ठोकळा घट्ट बांधून त्यास आधार द्यावा. सपाट केलेल्या तोंडावर पट्टी धरून ती उजेडासमोर पाहावी. मध्यभाग फुगलेला असेल तर सांधा दोन्ही बाजूंनी उघडा दिसेल. मध्यभाग पुसटसा खोलगट असला तरी चालतो, कडा भिडल्या पाहिजेत.

इतके करूनही फट दिसली, तर एक जुनी युक्ती आहे. दोन्ही तुकडे सरस न लावता काटकोनात भिडवून घट्ट बांधावेत आणि फटीच्या रेषेतूनच बारीक दातांची करवत खालपर्यंत चालवावी. करवत जेथे तुकडे भिडले असतील तेथेच लाकूड काढते व फट असेल तेथे मोकळी जाते. तुकडे पुन्हा सरकवून भिडविले म्हणजे फट कमी झालेली आढळते. एक-दोनदा असे केल्यावर दोन्ही तोंडे एकाच पात्याने कापली गेल्यामुळे एकमेकांस अनुरूप होतात. मात्र यात प्रत्येक वेळी लांबी करवतीच्या जाडीइतकी कमी होते. ही युक्ती एका कोपऱ्यावर केली तर ती चारही कोपऱ्यांवर तितक्याच वेळा करावी, नाहीतर समोरासमोरच्या बाजू विषम होतात.

जोडणी

तिरप्या तोंडावर लाकडाचे तंतू तुटलेले असतात व ते सरस शोषून घेतात. म्हणून प्रथम पातळ सरसाचा एक हात देऊन तो काही मिनिटे मुरू द्यावा आणि नंतर दुसरा हात द्यावा. तरीही केवळ सरसाने भिडविलेला तिरपा सांधा कमजोरच असतो. ज्या चौकटीस दाराची फळी टांगावयाची आहे, तीत तर तो मुळीच करू नये. तेथे कूस आणि खाच यांचाच सांधा हवा, आणि तिरपा काप हवाच असेल तर तो फक्त दर्शनी अंगापुरता ठेवावा. इतर कामांत दोन्ही तोंडांत खाच पाडून तीत पातळ, घट्ट पट्टी बसवावी. तिचे तंतू सांध्याच्या रेषेला आडवे असले पाहिजेत. ते रेषेच्या दिशेनेच गेले तर पट्टी दुमडून तुटते. ७.५ सें.मी. जाडीत अशा दोन पट्ट्या एकमेकींपासून अंतर राखून बसविणे बरे. नुसते खिळे मारण्याची पद्धत लहान कामात खपते. जाड लाकडात त्याने टोक चिरते.

आवळण्यासाठी मोठे शिकंजे नसतील तर चौकटीभोवती मजबूत दोर गुंडाळावा, कोपऱ्यांवर दोर रुतू नये म्हणून लाकडाचे तुकडे द्यावेत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर काठी घालून दोरास पीळ द्यावा. यामुळे चारही कोपरे सारख्या जोराने मिटतात. सरस ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने चौकट हलकेच दाबावी.

पावसाळा आणि उन्हाळा

लाकूड रुंदीत फुगते व आकसते, लांबीत जवळजवळ नाही. तिरप्या सांध्याचा खरा शत्रू तो हाच. लाकडातील ओल ५ टक्क्यांनी कमी झाली, तर १५ सें.मी. रुंदीची सपाट चिरलेली सागवानी फळी सुमारे १.४ मि.मी. आकसते. लांबी तशीच राहिल्यामुळे ४५ अंशांचा काप ४५ अंशांचा उरत नाही आणि सांध्याच्या आतल्या टोकाला जवळजवळ २ मि.मी. फट पडते. ओल वाढली तर हेच उलट होऊन सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो. म्हणून फट कोठे पडली हे पाहून कारण ओळखता येते. आत उघडा असेल तर लाकूड कामानंतर वाळले. बाहेर उघडा असेल तर कोरडे लाकूड दमट हवेत गेले. केवळ कापच चुकला असेल तर फट पहिल्या दिवशीच दिसते.

पणजी किंवा मडगाव येथे पावसाळ्यात तयार झालेली चौकट ग्वाल्हेर-इंदूरकडच्या उन्हाळ्यात नेली, तर आतल्या बाजूस ती उघडणारच, त्यात कारागिराचा दोष नाही. भारतीय मानक २८७ मध्ये हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करून प्रत्येक विभागात लाकडात किती ओल चालेल ती मर्यादा वेगवेगळी ठरविली आहे, ती याच कारणास्तव. जेथे चौकट बसावयाची, त्याच घरात लाकूड आडव्या पट्ट्या घालून, हवा खेळती राहील असे रचून काही आठवडे ठेवावे, आणि नंतरच त्यास हात लावावा. उभ्या चिरलेल्या फळ्या, म्हणजे ज्यांत वाढीच्या रेषा रुंद अंगाशी जवळजवळ काटकोनात दिसतात अशा फळ्या, मिळाल्या तर त्या निवडाव्यात. सागवानात त्या सपाट चिरलेल्या फळ्यांच्या निम्म्याहून थोड्याच अधिक प्रमाणात आकसतात.

बाहेर बसवावयाच्या चौकटीत सांध्याची तोंडे जोडण्यापूर्वी जलरोधक सरसाने पूर्ण भरून घ्यावीत व खालच्या दोन कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाचे पाणी उभ्या लाकडावरून ओघळून तेथेच साचते, तुटलेल्या तंतूंतून वर चढते आणि बाहेरून रंग शाबूत असताना आतून लाकूड कुजविते. वाळवीही बहुधा तेथूनच शिरते. चौकटीच्या खालच्या तुकड्याच्या वरच्या अंगास बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिला आणि पाठीमागचे अंग भिंतीस लावण्यापूर्वी दोनदा रंगविले, म्हणजे पाणी थांबावयास जागा उरत नाही. पहिला पावसाळा गेल्यावर, साधारण मार्गशीर्षात, चारही कोपरे पुन्हा एकदा पाहून घ्यावेत व केसभर फट आढळल्यास ती त्याच लाकडाच्या बारीक भुशात सरस कालवून न भरता त्याच लाकडाची पातळ पाचर सरसात बुडवून बुजवावी. भुसा वर्षभरात गळून पडतो, पाचर राहते.